भाऊबीजेचं शटडाऊन

पप्पू, ती बॅटरी बंद कर. उगं किडं गोळा व्हत्यात. लाईट यायला अजून लई येळ हाय. लाईट आल्याबिगर मोटर सुरू व्हत न्हाई, आन् उसाला पाणी दिल्याबिगर घरी जायचं न्हाई. बसा हितंच बांधावर. समृद्धी, तू कशाला आलीस गं ह्या गारठ्यात? व्हय, ठावं हाय मला. पुण्याला नाव घातलंय तुझं. नेटवर्किंग आन् सायबर. तुझा बाप सांगत व्हता.

आपल्या भागुबाईचा सत्यजीत तेच शिकला व्हता.

तुम्हाला तो नुसता बघून ठावं असंल. दौंडला राहतो, गावात येत न्हाई, कुणी हाक मारली तर ओ देत न्हाई. त्याला काय झालं ते कुणी तुम्हाला सांगितलं नसंल. लोक म्हणत्यात डोक्यावर परिणाम झाला. लोकांचं काय. मी त्या राती त्याच्यासंगं व्हतो. निम्मं मी डोळ्यानं बघितलं, निम्मं त्यानं मला सांगितलं. सांगताना तो गाडीत माझ्या शेजारीच बसला व्हता.

दोन हजार चोवीस सालची भाऊबीज. रविवार, तीन नोव्हेंबर. आम्ही निघालो व्हतो साध्या कामाला.

मी तवा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर व्हतो. शिक्रापूरच्या पुढं ती कंपनी, गाड्यांचे पार्ट बनवायची. नाव घेत न्हाई. दौंडवरनं बस काढायची, चौफुला, न्हावरा, तळेगाव ढमढेरे, मग शिक्रापूर. दिवाळीत कंपनीला आठवडाभर शटडाऊन. मशीनं बंद, माणसं घरी. आन् सत्यजीतचं काम असं, की सगळे घरी असल्यावरच त्याला करता यायचं. तो तिथं नेटवर्कला व्हता. जुना मोठा स्विच, म्हंजी सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी जिथं येत्यात ते यंत्र, काढून नवा बसवायचा व्हता. बस बंद, म्हणून मला म्हणला, "आप्पा, तुमची इको काढता का? खोकी मोठी हायेत, बाईकवर बसायची न्हाईत."

मी म्हणलं, चल.

न्हावऱ्याला तो गाडीत बसला. मांडीवर एक खोकं, मागं दोन. बिजेची कोर कवाच बुडाली व्हती. रस्त्याला ट्रकबी तुरळक. मी म्हणलं, "आईकडं ओवाळून घ्यायला कोण आलं न्हाई का आज? मामा?" तो नुसता हसला. लई बारीक झाला व्हता पोरगा. श्रावणापासनं त्याचं बोलणं कमी झालं व्हतं. मला वाटलं अभ्यासाचा ताण.

आधी तो आसा नव्हता. शिरूरच्या कॉलेजातनं कॉम्प्युटरची डिग्री काढली, मग पुण्यात चौघांत एक खोली घेऊन नेटवर्किंगचा कोर्स. पहिलं वरीसभर नुसत्या वायरी वढल्या त्यानं. शिडीवर चढायचं, छतात डोकं घालायचं, धूळ खायची. मग ही कंपनी लागली. बसमधी माझ्या मागच्याच सीटवर बसायचा. मी एकदा विचारलं, तू नेमकं करतोस काय? तर म्हणला, "आप्पा, कंपनीतला प्रत्येक कॉम्प्युटर, प्रत्येक कॅमेरा, मोबाईल एकमेकांशी बोलत असतो. ते बोलणं बंद पडू द्यायचं न्हाई, एवढंच माझं काम."

पण जीव त्याचा दुसरीकडं व्हता. त्याला फॉरेन्सिकमधी जायचं व्हतं. म्हंजी कुणी गुन्हा केला, मोबाईलमधलं, कॅमेऱ्यातलं सगळं मिटवलं, तर ते परत काढायचं आन् कोर्टापुढं ठेवायचं. कानात बोंडं घालून बसमधी लेक्चर ऐकायचा. मला समजावायचा. "लोकांना वाटतं डिलीट केलं म्हंजी गेलं. जात नसतं आप्पा. घर तसंच असतं, फक्त दारावरची पाटी काढलेली असते. जाणकाराला सापडतं."

"मग कायमचं जातच न्हाई का?"

"जातं. त्याच जागेवर पुन्हा पुन्हा दुसरं काहीतरी लिहीत राहिलं, तर जातं. मग ब्रह्मदेव आला तरी न्हाई सापडत."

त्याच बसला दौंडवरनं एक पोरगी चढायची. वैष्णवी. घरी आई धुरपदा, आन् थोरला भाऊ खंडू. खंडू स्टेशनबाहेर रिक्षा लावतो. पोरगी प्रेस शॉपला कॉन्ट्रॅक्टवर व्हती. प्रेस म्हंजी पत्रा दाबून त्याला आकार देणारं मशीन. खाली आलं की जमीन हादरती. उतरताना ती "येते मामा" म्हणायची. भरल्या बसमधी तेवढी एकटीच म्हणायची.

श्रावणात, राखी होऊन आठवडाबी झाला नव्हता, ती प्रेसखाली गेली.

त्या मशीनला सेन्सर असतो. माणूस मधी आला की मशीन जागेवर थांबतं. पण सारखं थांबलं की माल कमी निघतो. सुपरवायझरनं सेन्सर बंद करून ठिवला व्हता. पत्रा अडकला, त्यानं तिला आत वाकून काढायला लावला... जाऊ द्या. कंपनीनं सांगितलं, सेन्सर चालूच व्हता, पोरगी मागच्या बाजूनं घुसली, पोरीचीच चूक.

कॅमेरा व्हता वर. सगळं त्यात आलं व्हतं.

कंपनीचे मोठे साहेब, देशमाने, त्यांनी सत्यजीतला केबिनमधी बोलावलं.

"त्या लाईनचा कॅमेरा दोन दिवस बंद होता ना?"

"नाही सर. चालू आहे."

"मी तुला विचारत नाहीये, सत्यजीत."

मग खुर्ची दिली. पाणी दिलं. म्हणले, तुझा तो फॉरेन्सिकचा कोर्स कंपनी करून देईल. अनुभवाचं पत्र मी स्वतः देईन. गावाकडच्या पोरांनी पुढं जायलाच पाहिजे.

त्यानं रेकॉर्डिंग पुसलं. नुसतं डिलीट न्हाई केलं. ज्या विद्येनं मिटलेलं काढायचं, त्याच विद्येनं त्या जागेवर पुन्हा पुन्हा लिहून टाकलं. त्याच्या हातचं ते पहिलं फॉरेन्सिक काम.

तिचं तेरावं झाल्यावर खंडू माझ्या बसपाशी आला. हातात वैष्णवीचा मोबाईल. ती तो लॉकरमधी ठेवून कामावर जायची, म्हणून वाचलेला. सत्यजीतला म्हणला, "दादा, तुम्ही मिटलेलं काढता म्हणं. ह्याचा लॉक उघडंना. आदल्या राती ती म्हणत व्हती, दादा, मोबाईल चोरून आत नेऊन मशीनचा एक व्हिडिओ काढलाय, दाखवते. मी म्हणलं उद्या बघू. लई दमलो व्हतो ओ मी."

सत्यजीतनं मोबाईल खिशात घातला. चार-आठ दिवसांनी परत दिला. "बोर्ड गेलाय, खंडू. काही निघालं न्हाई." खंडूनं त्याला बळंबळं चहा पाजला. पुढं आईला तो मोबाईल घरात बघवंना, म्हणून खंडूनं तो दौंडच्या घाटावर भीमेत सोडला.

तर हे मला तवा काही ठावं नव्हतं. मी आपला भाऊबीजेच्या राती खोकी घेऊन चाललेलो.

गेटवर एकटा हौसराव. म्हातारा वॉचमन, माझ्या वळखीचा. सत्यजीत आत गेला, हौसरावनं आन् मी आत नेऊन खोकी दिली, आन् आम्ही दोघं परत गेटच्या केबिनमधी येऊन बसलो. करंजी खाल्ली. एवढी मोठी कंपनी, पण आवाज कसलाच न्हाई. कंपनीला रोज घरघर असती, ती इतकी अंगवळणी पडलेली, की नसली की कानात दडा बसल्यावानी व्हतं.

बाराला थोडं कमी आसंल. माझा फोन वाजला. सत्यजीत.

"आप्पा, गेटवर कोण आलंय का?"

"न्हाई बा. मी आन् हौसराव."

"कुणाच्या मोबाईलला वायफाय लागलंय का?"

"माझा बटणाचा हाय. हौसरावचाबी."

 "बरं," म्हणून त्यानं फोन ठिवला.

आता हे समजून घ्या. त्या कंपनीत ठिकठिकाणी वायफायचे डबे व्हते. एक गेटला, एक लॉकरला, एक प्रेस शॉपला, आसे. हजेरी मोबाईलवर लागायची, म्हणून प्रत्येक कामगाराचा मोबाईल नोंदवलेला. माणूस चालंल तसा त्याचा मोबाईल ह्या डब्याचा सुटून त्या डब्याला लागणार. आन् सत्यजीतला आत बसून दिसणार, कोण कुठल्या डब्यापाशी हाय.

नवा स्विच चालू केला, तर यादी रिकामी पायजे व्हती. सगळी माणसं घरी. पण यादीत एक नाव आलं.

'खंडूची वैशू.'

पोरीनं मोबाईलला ते नाव दिलेलं.

त्याला वाटलं, जुनी नोंद राहिली आसंल. पण ती नोंद त्यानं स्वतः काढून टाकली व्हती, श्रावणातच. त्यानं मोबाईलचा नंबर ताडून बघितला. सिमचा नव्हं, मोबाईलचा स्वतःचा नंबर असतो, जन्मखुणेसारखा. तोच. त्यानं तो बंद केला. नाव गेलं.

परत आलं.

पुढं लिहिलेलं, गेट.

म्हंजी जिथं आम्ही दोघं करंज्या खात बसलो व्हतो, तिथं.

मला काही जाणवलं का? खरं सांगतो, न्हाई. एवढंच, की हौसरावनं एकदा मान वर करून दाराकडं बघितलं. मी म्हणलं काय रं? तो म्हणला, काय न्हाई, वाटलं कोणतरी "मामा" म्हणलं.

थोड्या येळानं सत्यजीतला दिसलं, गेटचा डबा सुटला. लॉकरचा लागला. तिथं ते नाव थांबलं. जेवणाचा डबा ठेवून, ॲप्रन घालून निघायला जेवढा येळ लागतो, तेवढं. मग लॉकरचाबी सुटला.

प्रेस शॉप.

तिथं थांबलं ते थांबलंच.

परत फोन. "आप्पा... हौसरावला घेऊन प्रेस शॉपला जाता का? नुसतं बघून या. कोण हाय का."

त्याचा आवाज ऐकून मी काही विचारलं न्हाई. आम्ही बॅटरी घेऊन गेलो. आत अंधार. प्रेस रांगेनं उभ्या, वरनं ताडपत्री टाकलेल्या. बॅटरीचा झोत फिरवला. कोण न्हाई. हौसराव मोठ्यानं म्हणला, "कोन हाय?" त्याचाच आवाज पत्र्यावर आपटून परत आला.

मग माझा पाय सरकला.

खाली बघितलं. फरशी वली.

तिसऱ्या प्रेसपुढं. तेवढीच. छत कोरडं, नळ लांब, मशीनं बंद. हौसरावनं बोट लावून वास घेतला. तेल न्हाई. पाणी. शेवाळाचा वास. आपल्या घाटाच्या पायरीला येतो ना... तसा.

मी सत्यजीतला फोनवर म्हणलं, "कोण न्हाई. फरशी वली हाय नुसती."

"कुठल्या प्रेसपुढं?"

"तिसऱ्या."

पलीकडनं त्याची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"सत्या?"

"आप्पा," तो म्हणला, "ती तिथनं निघाली."

फोन कट झाला. मी लावला, लागंना. आम्ही दोघं ऑफिसच्या बाजूला पळालो. मधलं दार कार्डावर उघडतं. हौसरावचं कार्ड लागंना. लाल लाईट. परत लाल. आम्ही दार बडवलं. आतनं काही न्हाई. मग आम्ही तिथंच बसलो. पहाटंपर्यंत बसलो. दुसरं काय करणार व्हतो... देशमानेसाहेबांना फोन केला, त्यांनी उचलला न्हाई.

आता आत काय झालं ते त्यानं सांगितलं तसं सांगतो.

त्याला यादीत दिसत व्हतं. प्रेस शॉप सुटलं. ऑफिसचा पॅसेज. जिना. वरचा मजला. दरवेळी नाव जायचं, आन् जवळच्या डब्याला लागायचं. त्यानं स्विचची वायर उपटली. नवा स्विच मेला. सगळे डबे मेले. यादी पुसली जायला पायजे.

यादीत ते नाव तसंच.

पुढं लिहिलेलं, सर्व्हर रूम.

तो ज्या खोलीत बसला व्हता, ती.

दाराला कार्डाची पेटी. लाल लाईट. त्याच्या देखत... टिक्. हिरवा.

दार उघडलं न्हाई. नुसता लाईट हिरवा झाला. आन् खोलीत तो वास आला.

तो म्हणतो, मी मागं बघितलं न्हाई आप्पा. माझ्या मागं कोणतरी उभं व्हतं, एवढं मला कळत व्हतं. थंडी मानेवर. मी बघितलं असतं, तर बरं झालं असतं. तिला वाटलं असतं, ह्यानं बघितलं.

मग कॅमेऱ्याचा मोठा टीव्ही लागला. त्यावर चौकोन चौकोन असत्यात, प्रत्येक कॅमेऱ्याचा एक. वायर उपटलेली, सगळे काळे पायजे. सगळ्या चौकोनांत एकच दिसाय लागलं. तिसरी प्रेस. श्रावणातली दुपार.

त्यानं पुसलेलं.

सुपरवायझर वाकून सेन्सरची वायर काढतो. बोट दाखवतो. पोरगी मान हलवते, न्हाई म्हणते. तो परत बोट दाखवतो. मग ती वर बघते. सरळ कॅमेऱ्यात. घडीभर बघतच राहते... मग वाकते.

संपलं. परत पहिल्यापासनं. परत.

सत्यजीत रडला. हात जोडले. आन् मग त्याच्या डोक्यात एकच आलं, की हे आपल्याला परत मिळालंय. त्याच्या बॅगेत नवी कोरी हार्ड डिस्क व्हती. त्यानं ती लावली. कॉपी सुरू केली. भीती वाटत व्हती, पण तो कॉपी करत राहिला. शिवाय स्वतःचा मोबाईल टीव्हीपुढं धरून व्हिडिओबी काढला. "माझं चुकलं, ताई, माझं चुकलं," आसं म्हणत. पहाटंपर्यंत. उजाडायच्या येळंला टीव्ही आपला आपण बंद झाला. मानेवरची थंडी गेली.

दार उघडून तो बाहेर आला तवा तोंड चुन्यावानी पांढरं. पण हसत व्हता ओ. मला मिठी मारली. "आप्पा, दौंडला चला. खंडूकडं. आत्ताच्या आत्ता."

ती हार्ड डिस्क त्यानं दोन्ही हातात धरलेली, देवाचा टाक धरावा तशी. वाटंत त्यानं मला सगळं सांगितलं. मी गाडी बाजूला घेतली न्हाई. बाजूला घेतली असती तर मला त्याच्या तोंडाकडं बघावं लागलं असतं.

खंडूचं घर रेल्वेलाईनच्या अंगाला. दोन खोल्या. आत गेलो तर कालचा पाट अजून मांडलेला, पुढं ताट, निरांजन न पेटवलेलं. धुरपदाबाई भिंतीला टेकून. सत्यजीत दारातच गुडघ्यावर बसला. काही न लपवता बोलला. रेकॉर्डिंग मी पुसलं. तुझा मोबाईल मी उघडला आन् रिकामा केला. बोर्ड गेला न्हवता.

खंडू उभा राहिला. मला वाटलं, मारतोय आता. पण त्यानं एवढंच विचारलं, "त्यात काय व्हतं?"

"मी बघितलंच न्हाई, खंडू. भ्यालो. उघडला आन् पुसला."

"बघून तरी पुसायचा व्हता," खंडू म्हणला.

सत्यजीतनं लॅपटॉप उघडला. हार्ड डिस्क लावली. म्हणला, "हे बघ. हे पुरं हाय. हे घेऊन आपण पोलिसात जाऊ. मी सांगतो कुणी पुसायला लावलं."

डिस्क रिकामी.

त्यानं काढली, परत लावली. रिकामी. मोबाईल काढला. रातचा व्हिडिओ व्हता, लांबलचक. काळाकुट्ट. टीव्हीचा उजेड न्हाई, काही न्हाई. फक्त आवाज. त्याचाच. "माझं चुकलं, ताई."

धुरपदाबाईनं ते ऐकलं आन् तोंडावर पदर घेतला.

टीव्हीवर काय दिसलं ते सत्यजीतनं मग तोंडानंच सांगितलं. खंडू म्हणला, "तिनं वर बघितलं म्हणता?"

"व्हय."

"मग तिला वाटलं आसंल," तो म्हणला, "कोणतरी बघतंय."

आम्ही निघालो. त्यानं दार लावून घेतलं. जोरात न्हाई. हळूच.

त्यानंतर सत्यजीत कंपनीत गेला न्हाई. पोलिसात गेला. सांगितलं सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, लिहूनबी घेतलं, मग विचारलं, पुरावा? तो काय दाखवणार... देशमानेसाहेबांनी सांगितलं, मुलगा आजारी आहे, शटडाऊनच्या रात्री त्यानं स्विचची मोडतोड केली, आम्ही माणुसकी म्हणून तक्रार केली नाही. हौसरावला दुसरीकडं पाठवलं. सुपरवायझर दुसऱ्या कंपनीत, वरच्या पगारावर.

सत्यजीतनं दौंडला खोली घेतली. का, तर खंडूला लागलं तर जवळ असावं म्हणून. खंडू त्याच्याकडं कवाच गेला न्हाई. खोलीत तो आन् ती डिस्क. रातंदिवस त्यातनं काही निघतंय का बघायचा. मी डबा घेऊन जायचो भागुबाईनं दिलेला. एकदा मला म्हणला, "आप्पा, ही डिस्क रिकामी न्हाई. कोरी असती तर शून्य दिसलं असतं. हिच्यावर पुन्हा पुन्हा लिहिलंय कुणीतरी. मी श्रावणात लिहिलं व्हतं, अगदी तस्संच. तेच अक्षर."

"कुणी लिहिलं?"

"मीच लिहिलं आसंल," तो म्हणला. "रातभर मला वाटलं मी कॉपी करतोय."

नोकरीला पुण्याला चार ठिकाणी जाऊन आला. परीक्षा पास व्हायचा, मुलाखतीत विचारायचे जुनी कंपनी का सोडली, आन् हा खरं सांगायचा. एका ठिकाणच्या बाईनं त्याला पाणी दिलं आन् म्हणली, तुम्ही हुशार आहात, पण पुरावा सांभाळायच्या कामावर मी तुम्हाला कसं घेऊ? घरी येऊन मला म्हणला, बरोबर बोलली ती.

मी त्याला म्हणलं, आरं, सोड हे. दुसरा धंदा बघ. केबल टाक, मोबाईलचं दुकान टाक. तो म्हणला, शिकलो तेवढंच येतंय, आप्पा. आन् तेच माझ्या हातनं घाण झालं.

शेवटी शिरूरला एक वकील भेटले. भले माणूस. ते म्हणले, रेकॉर्डिंग न्हाई तर न्हाई, तू स्वतः प्रतिज्ञेवर लिहून दे. मी अमुक अमुक, मी पुसलं, ह्यांच्या सांगण्यावरनं पुसलं. पुसणाऱ्याची साक्षबी साक्षच असते. त्याच्या जोरावर प्रकरण परत उघडायला अर्ज करू.

लई महिन्यांनी त्या दिवशी त्यानं दाढी केली. मी सोबत गेलो, साक्षीदार म्हणून. खंडूलाबी निरोप दिला व्हता. खंडू आला, पण लांब झाडाखाली उभा राहिला.

कोर्टाबाहेर नोटरीचं टेबल. कागद टाईप केलेला. सत्यजीतनं सही केली. नोटरीनं आपलं रजिस्टर उघडलं, शाईचं पॅड पुढं सरकवलं. "डाव्या हाताचा अंगठा."

त्यानं अंगठा टेकवला. उचलला.

नोटरीनं चष्मा वर केला. "जास्त दाबू नका. पुन्हा."

पुन्हा टेकवला.

"घाम आलाय. पुसा. उजवा द्या."

उजवा दिला. मग पहिलं बोट. मग दुसरं. नोटरीनं पॅड बदललं. दुसऱ्या पॅडवर आधी स्वतःचा अंगठा उठवून बघितला. त्याचा आला, बारीक बारीक रेघांचा, भोवऱ्यासारखा. माझा घेतला. माझाबी आला, चिरा पडलेला, पण आला.

सत्यजीतची दहाच्या दहा बोटं झाली. रजिस्टरच्या पानावर नुसते काळे ठिपके. भरीव. एकाबी ठिपक्यात रेघ न्हाई.

नोटरीनं हातातला शिक्का न मारताच परत ठिवला. झाडाखालनं खंडू जवळ आला. त्यानं पानाकडं बघितलं, मग सत्यजीतकडं.

मी पोराचा हात हातात घेतला. शाई माझ्या धोतराला पुसली. उन्हात धरला. भाजल्याची खूण न्हाई, कापल्याची न्हाई, कातडी सोललेली न्हाई. बोटांची टोकं... गुळगुळीत. नुकत्या जन्मलेल्या पोराच्या तळहातावर तरी रेघा असत्यात.